काळ्या अळीची साक्ष

शलाकाला आधी खटकलं ते करडईचं पान. ज्या काळ्या, काटेरी अळीला अख्खं गाव शिव्या घालत होतं, ती त्याच पानावर बसली होती आणि पान कुठंही कुरतडलेलं नव्हतं.

तिकडे भगवंततात्यांनी पाठीवर फवारणीचा पंप चढवला होता. त्यांचा पंप सुरू झाला की गावातले सगळे पंप सुरू व्हायचे, अशी रीतच होती. माणसं बांधावर तयारीत उभी होती.

"तात्या, थांबा! ही अळी पीक खात नाही." शलाका शेतकी कॉलेजात शिकलेली, पण पंपाच्या खडखडाटानंही दचकणारी.

"चाळीस वर्षं करडई पेरतोय. तू मला किडे शिकवणार होय गं?"

"मी कशाला? तिलाच विचारू." तिनं काचेच्या बरणीत एक स्वच्छ पान ठेवलं, एक पिकाचा रस शोषणाऱ्या माव्याच्या बारीक किड्यांनी भरलेलं, आणि मधोमध अळी सोडली. "हिनं स्वच्छ पान खाल्लं, तर पहिला पंप मी मारते!"

माणसं बरणीवर वाकली. अळी स्वच्छ पान तुडवत पुढं गेली. तिनं माव्यातला एक किडा धरला, चोखून रिकामा केला. मग दुसरा. मग तिसरा. नखाएवढा जीव, पण अशी भूक कुणी पाहिली नव्हती.

"हे ढालकिड्याचं पिल्लू, त्या लाल, ठिपकेवाल्या भुंग्याचं. तात्या, आता सांगा, औषध चोरावर मारायचं की राखणदारावर? तुमच्या पंपाला दोघं सारखेच!"

शलाकानं बांधाकडे वळून हाक दिली, "पंप उतरवा!"

कुणी हललं नाही. तिनं पुन्हा हाक दिली, आवाज चिरकला.

तेव्हा मागून पंपाचा पट्टा सुटल्याचा आवाज आला.

"उतरवला गं, पोरी," तात्या म्हणाले.