चुकीचं वाक्य ऐकू न येणारे गुरुजी

फार पूर्वी, जिथे ऊन वर आलं तरी धुकं पाण्यावरून उठायला तयार नसायचं, अशा एका तळ्याकाठी एक गाव होतं. तळं कमळांनी भरलेलं. ती कमळं पाहायला दूरदेशीचे इंग्रजी बोलणारे पाहुणे यायचे, म्हणून गावातल्या मोठ्या माणसांनीही इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं. तळ्याच्या मधोमध एक चिमुकलं बेट होतं. तिथे त्यांची शाळा भरायची आणि सगळे होडीत बसून शाळेला यायचे.

शिकवायला एक गुरुजी होते. मनाने वाईट नव्हते हो, पण व्याकरण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "कर्ता एकटा दिसला की क्रियापदाला एसची शेपटी लावा, घोळका दिसला की काढून घ्या," ते सांगत. "कालचं कालसारखं बोला, आत्ताचं आत्तासारखं." वर्गात शिकणाऱ्यांनी इंग्रजीतच बोलायचं, असा नियम होता. कुणी चुकलं की गुरुजी कानावर हात ठेवत आणि म्हणत, "ऐकू आलं नाही." वाक्य बिनचूक होईपर्यंत हात कानावरून निघायचा नाही. बिचारे शिष्य दहादा मनात घोळवून मगच तोंड उघडत आणि पुष्कळसे उघडतच नसत.

गुरुजींना एक नात होती, तीन वर्षांची. तिचे आईवडील कामासाठी परगावी, त्यामुळे घरात ही दोघंच. एके दिवशी शेजारीण घरी नव्हती, म्हणून गुरुजी तिला सोबत घेऊन निघाले. होडी डुलत डुलत बेटाला लागेपर्यंत पोरीला गाढ झोप लागली. तिला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली, आपल्या निळ्या होडीचा दोर खुंटाला बांधला आणि हिसका बसू नये म्हणून गाठ अगदी हलकी मारली. धडा सुरू करायची घाई होती, त्यामुळे कुणाला सांगायचंही राहून गेलं.

खिडकीशी कमळं काढणारी एक बाई बसायची. वर्गातली सगळ्यात बुजरी. त्या दिवशी धडा रंगात आला असताना तीच उभी राहिली.

"गुरुजी, बोट गो."

गुरुजींचा हात कानावर गेला. "ऐकू आलं नाही. बोट एक की अनेक?"

"वन, गुरुजी."

"मग शेपटी कुठे राहिली?"

वर्ग हसला. बाईने पदर घट्ट धरला. "बोट गोज."

"रोज जाते, की आत्ता चालली आहे?"

बाईने खिडकीबाहेर पाहिलं. "नाऊ, गुरुजी. नाऊ."

"मग आत्ताचं रूप सांगा. घाई नाही, सावकाश."

"बोट गोइंग."

"मधला शब्द कुणी खाल्ला?"

बाईने डोळे मिटले, ओठातल्या ओठात काहीतरी जुळवलं आणि म्हणाली, "द बोट इज गोइंग."

गुरुजींचा चेहरा खुलला. त्यांनी कानावरचा हात काढला. "वा! आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा."

बाईने पुन्हा बाहेर पाहिलं. पाण्यावर आता नुसतं धुकं होतं. धडा तिने मन लावून शिकला होता, म्हणून ती हळूच म्हणाली, "द बोट हॅज गॉन."

'शाब्बास' हा शब्द गुरुजींच्या ओठांवर आलाच होता. पण तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "कुठली बोट?"

"युवर बोट, गुरुजी. ब्ल्यू."

गुरुजी अनवाणीच धावत सुटले. खुंट रिकामा होता. पुढे पांढरं धुकं, इतकं दाट की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना.

"माझी नात आहे होडीत!" एवढंच ते बोलू शकले.

बाईने लगेच आपली अरुंद होडी पाण्यात ढकलली. गुरुजी पुढे बसले. ती बांबूने होडी रेटू लागली, पण जायचं कुठे? धुक्यात दिशाच नव्हती. गुरुजींनी हाक मारली. मग लांबून, स्वप्नात यावा तसा, एक बारीक आवाज आला.

"आजोबा, मी उठला."

आजोबांच्या हाताखाली वाढलेली पोर, ती त्यांचं ऐकून स्वतःबद्दल मुलग्यासारखं बोलायची, तेही अर्धंमुर्धं. घरी गुरुजी तिला लगेच 'उठले म्हण' असं सांगायचे.

"बोल बाळा," ते ओरडले. "थांबू नकोस. काहीही बोल."

"पाणी सगळीकडे आली."

"डावीकडे," गुरुजी बाईला म्हणाले. "आणखी बोल. कसंही बोल, पण बोल."

"फूल मोठी आहे. मी फूल घेतो."

होडी वळली. धुक्यातून निळा रंग उमटला. पोर होडीच्या काठावर पोट टेकून कमळाकडे हात लांबवत होती आणि होडी तिच्या बाजूला कलली होती. गुरुजींनी झेप घेऊन तिला छातीशी ओढलं.

"मी पडला नाही," ती म्हणाली.

"हो गं, पडला नाही," गुरुजी म्हणाले आणि रडू लागले.

परतताना बाई आपल्या बोलीत म्हणाली, "गुरुजी, मला वाटलं नुसती रिकामी होडी चाललीय. पोर आत आहे हे ठाऊक असतं, तर मराठीतच ओरडले असते. पण तुमची भीती वाटली."

"ती भीती मीच घातली," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पहिल्याच वाक्यात सगळं सांगितलं होतं. मी तुमची शेपटी मोजत बसलो."

शाळा पुढेही भरत राहिली. शेपट्या लावणं, काढणं, कालचं-आजचं, सगळं गुरुजी पूर्वीसारखंच शिकवायचे. पण कुणी चुकत चुकत काही सांगू लागलं, की ते आधी विचारत, "बरं, मग पुढे काय झालं?" आणि चूक दाखवायची ती सगळं ऐकून झाल्यावर.

तात्पर्य: माणूस काय सांगतोय ते आधी ऐकावं, कसं सांगतोय ते नंतरही सुधारता येतं.