हेक्टरने दिलेला शब्द

स्कॉटलंड देशात, समुद्राच्या काठी, ब्रेगॉर नावाच्या एका लहानशा गावात हेक्टर नावाचा फुटबॉलचा प्रशिक्षक राहत होता. गावाचा संघ अगदी खालच्या फळीतला. त्यात कुणी होडीवरून मासे उतरवणारा, कुणी सुतार, कुणी बस चालवणारा. मोठ्या शहरांत त्यांना कुणी ओळखत नसे. पण सामना असला की सारं गाव मैदानाच्या कुंपणाशी गोळा होई.

हेक्टर मनाचा वाईट नव्हता. खेळाडूच्या घरी आजारपण आलं तर आधी तोच धावून जाई. फक्त हरणं त्याला सोसत नसे. संघ हरला की तो घरात कुणाशी धड बोलत नसे.

त्याच्या संघात कॅलम नावाचा एक बचावपटू होता. दोघं एकाच गल्लीत चेंडू लाथाडत लहानाचे मोठे झालेले. कॅलमच्या नावावर फारसे गोल नव्हते, पण समोरून कितीही दांडगा गडी येवो, तो वाट सोडत नसे. पुढे त्याचा गुडघा कामातून गेला. एक अख्खा हंगाम त्याने राखीव बाकावर बसून काढला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता पुरे."

हे कळताच हेक्टर आपणहून त्याच्या घरी गेला. शेकोटीपाशी कॅलमचे वडील बसले होते. म्हाताऱ्यांची दृष्टी गेली होती, छातीही अधू झाली होती. डोळे होते तोवर मुलाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता.

"काका, उन्हाळ्यात किल्बाराशी मैत्रीचा सामना आहे," हेक्टर म्हणाला. "त्यातली शेवटची वीस मिनिटं कॅलम खेळेल. गाव उभं राहून त्याला निरोप देईल. हा माझा शब्द."

म्हाताऱ्यांनी चाचपडत त्याचा हात धरला. "मग मी येणार. दिसत नसलं म्हणून काय झालं? कानांनी बघेन."

किल्बारा हे शेजारचं गाव, आणि त्यांचा संघही खालच्या फळीतलाच. या सामन्याला ना गुण होते, ना करंडक. हंगामाआधी अंग मोकळं व्हावं म्हणून खेळायचं आणि मग एकत्र बसून चहा प्यायचा, एवढंच. कुणीही कितीही खेळाडू बदलावेत, अशी मुभाही होती.

पण किल्बाराचा प्रशिक्षक डंकन जिभेचा तिखट. हात मिळवताना तो हसत म्हणाला, "आज तरी आम्हाला घाम फोडाल ना?" त्याने गंमतच केली होती. हेक्टरला मात्र ती झोंबली.

सकाळी पाऊस पडून गेला होता. खेळाडू घसरत होते, चिखलाने माखत होते. किल्बाराने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर ब्रेगॉरने बरोबरी साधली. मग कॅलमने अंगावरचं जाकीट काढलं आणि तो कडेच्या रेषेवर हळूहळू धावू लागला.

वर प्रेक्षकांच्या बाकावर त्याचे वडील गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसले होते. शेजारी सून होती, जेनेट.

"आला का मैदानात?" त्यांनी विचारलं.

"येतोय, बाबा. आत्ता येईल."

कॅलम हेक्टरजवळ गेला. "वेळ झाली रे."

"थांब जरा. एक गोल होऊ दे."

थोड्या वेळाने कॅलम पुन्हा आला. "हेक्टर, बाबा आलेत."

"माहीत आहे मला!" हेक्टर खेकसला. त्याची नजर चेंडूवरून हलत नव्हती. "पण तुझा हा गुडघा घेऊन मागची बाजू उघडी टाकू का आत्ता? थांब म्हटलं ना!"

कॅलम बाकावर बसला नाही. रेषेच्या कडेने धावत राहिला. म्हातारे विचारत राहिले आणि जेनेट "आत्ता येईल" म्हणत राहिली.

अगदी शेवटच्या क्षणी ब्रेगॉरने गोल मारला. एकच गलका झाला. लोक उठून उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आला का माझा कॅलम?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

जेनेटने त्यांची सरकलेली घोंगडी सावरली. म्हाताऱ्यांना वाटलं, आलाच. ते काठीवर भार देऊन थरथरत उठले. मैदान एकीकडे आणि तोंड भलतीकडे, असे उभे राहून ते जीव तोडून टाळ्या वाजवू लागले. "शाब्बास, बाळ! शाब्बास!"

तेवढ्यात पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली.

हेक्टर आनंदाने उड्या मारत होता. मागे वळून पाहतो तर कॅलम रेषेवर नाही. तो वर वडिलांकडे गेला होता. हेक्टर मागोमाग गेला. "पुढच्या वेळी नक्की" असं काहीतरी हसत म्हणून वेळ मारून न्यावी, असा त्याचा विचार होता.

"काय टाळ्या पडल्या रे तुला!" म्हातारे म्हणत होते. "अख्खं गाव उठलं!"

कॅलमने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"हो, बाबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी त्याच्या जर्सीवरून खांद्यापासून खालपर्यंत हात फिरवला. "आणि चिखल कसा नाही लागला?"

"पडलोच नाही, बाबा. या वेळी कुणी पाडलंच नाही मला."

हेक्टरचं हसू ओठांवरच विरलं. तो आल्या पावली परतला. त्या दिवशी चहाला तो थांबलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅलमला गाठलं. "माझं चुकलं. मी दुसरा सामना ठरवतो. हवा तेवढा वेळ खेळ."

"कशाला?" कॅलम शांतपणे म्हणाला. "बाबा कालचाच सामना दारोदार सांगत सुटलेत. त्यांना काय सांगू, तो खोटा होता?"

"मग मी सांगतो. त्यांची माफी मागतो."

"नको. तुझं मन हलकं होईल, त्यांचं जड होईल."

तो रागावला असता तर हेक्टरला बरं वाटलं असतं. पण कॅलम रागावला नाही. नुसता निघून गेला.

थंडी सुरू झाली आणि म्हाताऱ्यांनी अंथरूण धरलं. एक दिवस त्यांनी हेक्टरला बोलावून घेतलं. त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तू शब्द पाळलास, बाळा. हल्ली कोण पाळतं?"

हेक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने कॅलमकडे पाहिलं. कॅलमने हळूच नकारार्थी मान हलवली. खरं बोलायची सोय हेक्टरला उरली नव्हती. जे आपण केलंच नाही, त्याचा आशीर्वाद तो मान खाली घालून घेत राहिला.

त्याच आठवड्यात म्हातारे गेले. कॅलम आणि हेक्टर आजही रस्त्यात भेटतात, हवापाण्याचं बोलतात आणि आपापल्या वाटेने जातात. तो सामना कोण जिंकलं, हे गावात आता कुणालाही सांगता येत नाही.

तात्पर्य: जिंकायची संधी पुन्हा येते, पण दिलेला शब्द पाळायची वेळ एकदा टळली की मागाहून माफी मागायलाही जागा उरत नाही.