झुपकीच्या शेपटीखाली काय?

एक होतं शिरीषाचं झाड. झाडावर राहायची एक खार. तिची शेपटी झुपकेदार, म्हणून तिचं नाव झुपकी.

झाडाखाली होतं एक घर. घरात आलं होतं नवं कोरं बाळ. बाळ सारखं रडायचं. "ट्यँ... ट्यँ..." आई गाणं म्हणायची. बाबा टाळ्या वाजवायचे. शेवंता आत्या तर चक्क म्याव म्याव करायची. तरी बाळ आपलं, "ट्यँ!"

झुपकीला फार वाईट वाटायचं.

आज होतं बाळाचं बारसं. आत्या बाळाच्या कानात नाव सांगणार होती. नाव काय? आत्या कुणाला सांगेना.

झुपकीनेही बाळासाठी एक गंमत आणली होती. गंमत काय? झुपकीही कुणाला सांगेना. मलासुद्धा नाही. एवढंच कळलं, की हलवली की ती वाजायची. खुळ खुळ!

झुपकीने गंमत सागाच्या पानात बांधली. थंडीचे दिवस होते. सागाची पानं गळून गेली होती. हे अगदी शेवटचं पान. तेवढ्यात वारा आला. सूंऽऽऽ! पान गेलं. भुर्र!

"अगं बाई! माझी पुडी!"

गंमत तेवढी हातात राहिली. आता उघडी गंमत कशी द्यायची? उघडी असली तर ती गंमत कसली?

झुपकीने पिंपळाचं पान घेतलं. ते फाटलं, टर्र! कांद्याचा पापुद्रा घेतला. त्याचा झाला चुरा, चुर चुर! कोळ्याचं जाळं घेतलं. ते बसलं नाकाला चिकटून. आँक्छी!

"चिंधीच हवी," झुपकी म्हणाली. "चिंधीला गाठ बसते."

गंमत लपवली शेपटीखाली आणि निघाली. तुरुतुरु, खुळ खुळ!

वाटेत होती शिंपीकाकू.

"काकू, काकू, चिंधी दे!
चिंधी नाही तर पुडी नाही.
पुडी नाही तर गंमत नाही!"

"झुपके, शेपटीखाली काय गं वाजतंय?"

"सांगणार नाही! उघडल्यावर कळेल!"

"बरं बाई. चिंधी देईन गं देईन. पण माझ्या पोटात कावळे ओरडतायत. आधी कणीस आण."

झुपकी निघाली. तुरुतुरु, खुळ खुळ!

मळ्यात होता मका.

"मक्या, मक्या, कणीस दे!
कणीस नाही तर चिंधी नाही.
चिंधी नाही तर पुडी नाही.
पुडी नाही तर गंमत नाही!"

"झुपके, शेपटीखाली काय गं वाजतंय?"

"सांगणार नाही! उघडल्यावर कळेल!"

"कणीस देईन गं देईन. पण हे पोपट बघ, टोच टोच टोचतात! कणसं घट्ट धरून बसलोय मी. आधी बुजगावणेबुवांना उभं कर."

झुपकी निघाली. तुरुतुरु, खुळ खुळ!

बांधावर आडवं पडलं होतं बुजगावणं.

"बुवा, बुवा, उभे राहा!
बुवा नाही तर कणीस नाही.
कणीस नाही तर चिंधी नाही.
चिंधी नाही तर पुडी नाही.
पुडी नाही तर गंमत नाही!"

"झुपके, शेपटीखाली काय गं वाजतंय?"

"सांगणार नाही! उघडल्यावर कळेल!"

"राहीन गं उभा राहीन. पण माझं डोकं फुटलं. बिनडोक्याच्या बुवाला कोण भिणार? आधी डोक्याला मडकं आण."

डोकं नव्हतं, मग बुवा बोलले कुठून? अहो, ते मलाही कळलं नाही. पण बोलले खरे.

झुपकी निघाली. तुरुतुरु, खुळ खुळ!

चाकापाशी बसला होता कुंभारमामा.

"मामा, मामा, मडकं दे!
मडकं नाही तर बुवा नाही.
बुवा नाही तर कणीस नाही.
कणीस नाही तर चिंधी नाही.
चिंधी नाही तर पुडी नाही.
पुडी नाही तर गंमत नाही!"

"झुपके, शेपटीखाली काय गं वाजतंय?"

"सांगणार नाही! उघडल्यावर कळेल!"

"मडकं देईन गं देईन. पण मडकी आहेत भट्टीपाशी, टेकडीच्या पलीकडे. आणणार कोण? गाढव बसलंय रुसून. आधी त्याला उठव."

झुपकी निघाली. तुरुतुरु, खुळ खुळ!

उकिरड्यापाशी बसलं होतं गाढव, तोंड फिरवून.

"गाढवा, गाढवा, ऊठ ना रे!
गाढव नाही तर मडकं नाही.
मडकं नाही तर बुवा नाही.
बुवा नाही तर कणीस नाही.
कणीस नाही तर चिंधी नाही.
चिंधी नाही तर पुडी नाही.
पुडी नाही तर गंमत नाही!"

"हूं! मामा मला गाढव म्हणतो. तूही गाढव म्हणतेस."

"पण तू गाढवच आहेस ना?"

"असलो म्हणून काय झालं? गाढवराव म्हणावं!"

"बरं, गाढवराव."

गाढवाचा एक कान उभा राहिला. "शेपटीखाली काय गं वाजतंय?"

"सांगणार नाही! उघडल्यावर कळेल!"

"उठेन गं उठेन. पण आधी हरभऱ्याचे घाटे आण. हिरवे, फुगलेले."

झुपकी निघाली. पाय दुखले. शेपटी दमली. तुरु... तुरु... खुळ... खुळ...

वावरात होता हरभरा. एवढासा!

"हरभऱ्या, हरभऱ्या, घाटे दे!
घाटे नाही तर गाढव नाही.
गाढव नाही तर मडकं नाही.
मडकं नाही तर बुवा नाही.
बुवा नाही तर कणीस नाही.
कणीस नाही तर चिंधी नाही.
चिंधी नाही तर पुडी नाही.
पुडी नाही तर गंमत नाही!"

"झुपके, शेपटीखाली काय गं वाजतंय?"

"सांगणार नाही! उघडल्यावर कळेल!"

"मग घाटेही नाहीत. मला दुसरं काही नको. एवढं सांग, की लगेच देतो."

आता काय करावं? दूरवर पाळणा सजला होता. बाळ रडत होतं. "ट्यँ... ट्यँ..." एकच शब्द सांगायचा, की काम झालं. झुपकीने तोंड उघडलं...

आणि दोन्ही पंजे तोंडावर दाबले.

"नाही! बाळाच्या आधी कुणालाच नाही!" झुपकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

हरभरा खुदकन हसला. "शाब्बास गं झुपके! हा माझा घाटा बघ. आत दाणा एक, की दोन? मीही कुणाला सांगत नाही. सोलल्यावर कळतं! घे, हवे तेवढे घे."

झुपकीने घाटा हातात घेतला. वास घेतला. कानाशी धरला. "अय्या! हासुद्धा बांधलेलाच!"

मग काय विचारता!

हरभऱ्याने घाटे दिले.
घाटे गाढवरावांनी खाल्ले, सालासकट!
गाढवरावांनी मडकी आणली, डुगुडुगु डुगुडुगु.
मामाने मडकं दिलं. वर चुन्याचे दोन डोळे काढले.
मडकं बुवांना बसलं. बुवा उभे राहिले, ताठ!
पोपट उडाले, फडफड फडफड!
मक्याने कणीस दिलं.
कणीस काकूला मिळालं.

काकू कणीस सोलायला बसली. एक पाती काढली. आत दुसरी पाती! ती काढली. आत तिसरी!

"काकू, अजून आत काय? अजून आत काय?"

"थांब गं जरा!"

शेवटी दिसले पिवळे पिवळे दाणे. "अय्या! हेसुद्धा बांधलेलंच!"

काकूने चिंधी दिली. लाल चिंधी. पण केवढी? एवढीशी! झुपकीने ती इकडून ओढली. तिकडून ओढली. गंमत मावेना. झुपकीचं तोंड एवढंसं झालं.

मग तिने खाली पाहिलं. जमिनीवर पडल्या होत्या मक्याच्या पाती. लांब लांब, मऊ मऊ. झुपकीने पातीकडे पाहिलं. चिंधीकडे पाहिलं. आणि टुणकन उडी मारली!

पातीत गुंडाळली गंमत. वर मारली चिंधीची गाठ. गाठीत खोचला मक्याच्या केसांचा गोंडा. काय पुडी झाली म्हणता!

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

झुपकी पाळण्यावर चढली. आत डोकावली. बाळाच्या डोक्यावर कुंची. अंगाभोवती दुपटं. फक्त नाक बाहेर!

"अय्या! हेसुद्धा बांधलेलंच!"

तेवढ्यात आत्या वाकली. बाळाच्या कानाशी म्हणाली, "कुर्रर्रर्र... मंजिरी!"

सगळ्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. तशी रीतच असते.

झुपकीने पुडी हळूच बाळापाशी सरकवली. बाळ रडलं. "ट्यँ!"

"अगंबाई, ही कुणाची पुडी?" आत्याने चिंधीची गाठ सोडली. एक पाती उघडली. दुसरी पाती उघडली. आत काय? आत काय?

आत होती शिरीषाची वाळकी शेंग! शेंगेत बिया. खुळ खुळ!

"ट्यँ..." बाळ थांबलं. डोळे मोठ्ठे केले.

खुळ खुळ! खुळ खुळ!

मंजिरी हसली. बोळकं उघडून हसली! आई हसली, बाबा हसले. आणि झुपकी? ती तर आनंदाने शेपटीवरच बसली.

आत्या म्हणाली, "रिकामी पुडी परत द्यायची नसते." तिने पातीत घातल्या बारशाच्या घुगऱ्या. उकडलेले हरभरे, मऊ मऊ, गरम गरम. वर चिंधीची गाठ मारली. पुडी झुपकीला दिली.

झुपकीने पुडी हलवली. वाजेना! वास घेतला. कळेना!

"आत्या, आत्या, आत काय गं?"

आत्या म्हणाली, "सांगणार नाही! उघडल्यावर कळेल!"

तुम्हाला ठाऊक आहे ना? मग श्शू! सांगू नका तिला.

गोष्टीची सुटली गाठ, झोपेची धरा वाट.