पितळी बिल्ल्याचा भाव

एका संस्थानात कुस्तीवर पैजा घेण्याचा परवाना धनपाळशेटकडे होता. जिंकणाऱ्यांचे पैसे चुकते करून जे उरेल, त्याचा चौथा हिस्सा कर, आणि त्या करातून जायबंदी पैलवानांना खुराक, असा नियम होता. यंदा खुराक बंद झाला. कंबर मोडलेल्या रंगा पैलवानाची बायको तानूबाई संतापून दरबारात आली, तेव्हा राजा शेटला हजार रुपयांचं इनाम द्यायच्या तयारीत होता.

"सरकार, काही उरलंच नाही," शेट म्हणाला. "गिऱ्हाईक यावं म्हणून पैशांऐवजी पैज लावायचे पितळी बिल्ले फुकट वाटले. ते रुपयाला एक धरून उरलेल्या रकमेतून वजा केले, म्हणून कर शून्य!"

राजाला हिशेब कळला नाही, पण विचारायची लाज वाटली. त्याने मान डोलावली.

"बिल्ला रुपयाचाच ना, शेटजी?" तानूबाईने विचारलं.

"खणखणीत रुपयाचा!"

"मग सरकार, आज शेटजींना हजार रुपयांचं इनाम देताय, ते बिल्ल्यांतच द्या."

शेट ओरडला, "पितळेचे तुकडे घेऊन काय करू? दोन पैशांनाही कोणी घेणार नाही!"

"आणि माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवताना तेच तुकडे रुपयाचे होते होय रे, मेल्या?"

राजा कारकुनाकडे वळला. "बिल्ल्यामागे दोनच पैसे वजा करा. कर आत्ता, इथे वसूल करा. रुपयांत!"