निलगिरीरावांच्या शालीचं माप

झाडांची बोली अख्ख्या तालुक्यात मला एकट्यालाच कळते. म्हणजे असं मीच सांगत सुटतो. झाडांना विचारलं तर ती नुसती मान हलवतात, तीही वारा असला तर.

तर कासवं माणसांपेक्षा जास्त बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. तुळाजीच्या विहिरीच्या काठावर निलगिरीचं झाड होतं. चार वर्षांत ते असं काही वाढलं, की शेजारची बोर त्याला निलगिरीराव म्हणू लागली. राव सारखं पाणी ओढायचे. विहिरीतलं पाणी पार तळाला गेलं, तेव्हा तिथं राहणारी म्हातारी कासवीण, भागाआजी, म्हणाली, "राव, जरा दमानं प्या. आणखी हातभर उतरलं तर मी चिखलात वाळून मरेन."

"आजी, मोठ्यांच्या कामात आडवं येऊ नये," राव वरूनच म्हणाले. "माझ्या खोडाचे वासे होतात, लगद्याचा कागद होतो, पानांच्या तेलानं गावाची सर्दी पळते. तुमचा काय उपयोग? अहो, तुळाजी दर महिन्याला दोरी आणून माझ्या कमरेचं माप घेतो. सत्कार ठरलाय माझा, शालीचं माप चाललंय!"

शालीला माप लागत नाही, हे बोरीला ठाऊक होतं. पण एवढ्या उंचावर ओरडून सांगणार कोण?

त्याच सकाळी तुळाजी विहिरीच्या पायरीवर कुऱ्हाड घासून गेला होता, आणि आजीनं ते पाहिलं होतं. ती म्हणाली, "मग प्या हो राव, पोटभर प्या. तुम्ही जेवढ्या लवकर जाड व्हाल, तेवढ्या लवकर माझं पाणी मला परत मिळेल."