मुंगसाचा वाडा

मुंगसाचं दर्शन झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा सरदार हैबतरावांचा नेम. त्यासाठी ते रोज सकाळी बागेत येत. एकदा कोपऱ्यातला वाळक्या फांद्यांचा ढीग त्यांच्या डोळ्यांत खुपला. ठकूबाई माळणीनं तो रचून वर गोकर्णीचा वेल चढवला होता.

“माझ्या वाड्यासमोर कचरा? पेटव आत्ता, नाहीतर पाठीवर कोरडे ओढीन!”

शिपायानं तिच्या हाती पेटता पलिता दिला. ठकूबाई तो घेऊन ढिगापाशी गेली आणि मागे वळली.

“सरकार, आपल्या वाड्यावर लोक मुजऱ्याला येतात. पण खुद्द सरकार रोज ज्याच्या दर्शनाला येतात, त्याचा वाडा हा. लावू आग?”

तेवढ्यात ढिगातून मुंगसानं तोंड बाहेर काढलं.

हैबतरावांनी पलिता हिसकावून हौदात बुडवला. दुसऱ्या दिवशी ते दर्शनाला आले, ते हातात वाळकी फांदी घेऊनच.