पिवळ्या रेघेचा निर्णय

लहानांनो आणि थोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्याच्या ग्रंथशाळेत वाळवी शिरली. राजाकडे लेखनिक थोडे होते. तेव्हा गावोगावचे लोक आपण होऊन पुढे आले आणि आपापली कामे उरकून पोथ्या उतरवू लागले. रिवाज असा होता, की नक्कल झाली की जीर्ण पोथी नदीत सोडायची. त्यामुळे नक्कल चुकली, तर पडताळून पाहायला मूळ पोथी उरत नसे.

या कामावर एका वृद्ध शास्त्रीबुवांची देखरेख होती. आयुष्यभर शिकलेला माणूस, पण स्वतःच्या शब्दावर त्यांचा भरवसा नसे.

एके दिवशी डोंगराकडचे आणि नदीकाठचे लोक भांडतच त्यांच्या दारी आले.

"बुवा, वाळवीने खाल्लेली अक्षरे आम्ही अंदाजाने भरतो," डोंगराकडचा कुंभार म्हणाला. "पुढच्याने जपून वाचावे म्हणून त्यावर पिवळी रेघ ओढतो."

नदीकाठची एक बाई झाडपाल्याची औषधे देत असे. ती हसली. "अहो, आमच्याकडे चुकलेल्या ओळीवर पिवळा हरताळ फासतात. ती ओळ पुढे उतरवायचीच नसते!"

"मग तुम्ही बदला की."

"का म्हणून? पिवळा रंग काय तुमच्या आजोबांनी खणून आणला?"

शेवटी दोघेही म्हणाले, "बुवा, तुम्ही सांगाल ते मान्य."

शास्त्रीबुवा घाबरले. डोंगराची रीत उपयोगाची होती, नदीकाठची जुनी होती. 'माझे चुकले, तर शंभर वर्षे लोक चुकत राहतील,' त्यांना वाटले. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही बाजू लिहून काढल्या, फाडल्या, पुन्हा लिहिल्या. आठ महिने गेले.

काम मात्र थांबले नव्हते. डोंगराकडे उतरवलेली औषधांची पोथी दुसऱ्या नकलेसाठी नदीकाठी आली. त्या बाईनेच ती उतरवली. पोथी कोणत्या गावची, हे तिच्यावर लिहिलेले नव्हते. गुडघेदुखीवरच्या एका झाडाच्या मुळाचा गुण तिने लिहून घेतला. 'सात दिवस दुधात भिजवल्याशिवाय देऊ नये', या ओळीवर पिवळी रेघ होती. ती तिने रीतीप्रमाणे गाळली.

पुढे तिच्या नवऱ्याचे गुडघे धरले. तिने ते मूळ तसेच उगाळून त्याला दिले. तो उठला नाही.

आलेली पोथी आणि आपली नक्कल, दोन्ही घेऊन ती बुवांकडे आली. "माझ्या हातून काय चुकले, तेवढे सांगा."

बुवांनी पोथ्या शेजारी शेजारी उघडल्या. त्यांचे बोट पिवळ्या रेघेवर थांबले. 

"बाई, ही ओळ तुम्ही गाळली नाहीत. मी गाळली."

दुसऱ्या सकाळी त्यांनी सर्वांना बोलावले. ते म्हणाले, "अंदाजाला पिवळी रेघ. चुकीला काळी काट. सर्व गावांत हेच."

"आणि याहून चांगली खूण सुचली तर?" कुंभाराने विचारले.

"तर पुन्हा जमू, आणि सगळे एकाच दिवशी बदलू. तोवर हीच."

मग लोकांनी डोंगराकडच्या आणि नदीकाठच्या नकला एकमेकींशी ताडून पाहिल्या. गळलेल्या कितीतरी ओळी सापडल्या, त्या जागच्या जागी लिहिल्या गेल्या. त्या बाईचे कुंकू मात्र परत आले नाही.

तात्पर्य : दहाजणांच्या कामात निर्दोष नियमाची वाट पाहत बसू नये, सर्वांनी पाळलेला साधा नियमच माणसे वाचवतो.